पन्नास वर्षांत चौदा रचना: चर्चचा ऑर्गनवादक आयुष्यभर करतो तरी काय?

ऑर्गन म्हटलं की आपल्याकडे पायपेटी डोळ्यांसमोर येते. संगीत नाटकं पाहिलेल्यांना ती चांगली ठाऊक आहे. पायांनी भाता मारायचा, हातांनी पट्ट्या दाबायच्या आणि गाणाऱ्या नटाला सुराची साथ द्यायची. माझ्या आजोळी अशी एक जुनी पायपेटी होती. तिच्यामुळे मला बरीच वर्षं वाटायचं की चर्चमधला ऑर्गन म्हणजे हीच पेटी, फक्त मोठी. पण दोन्हींची जातच वेगळी आहे. पायपेटीत हवेच्या दाबाने पितळेची पातळ रीड थरथरते. चर्चच्या मोठ्या ऑर्गनमध्ये आवाज निघतो शेकडो, कधी हजारो पाइपांमधून. त्यातले बरेचसे पाइप बासरी वाजते तसे वाजतात. सगळ्यात लांब पाइप ३२ फुटी, म्हणजे जवळपास तीन मजले उंच, आणि सगळ्यात छोटा पेन्सिलीएवढा.

या वाद्याच्या दोन गोष्टी समजल्या की पुढचं सगळं सोपं होतं. पहिली: पट्टी हळू दाबा किंवा जोरात, आवाज तेवढाच येतो. सूर लहानमोठा करण्याची जादू बोटात नाही. ती आहे वादकाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या स्टॉपमध्ये. एकेक स्टॉप म्हणजे पाइपांची एकेक रांग: कुठली बासरीसारखी, कुठली तुतारीसारखी, कुठली घशातल्या घशात गुणगुणल्यासारखी. कुठल्या रांगा एकत्र बोलवायच्या, हे ठरवण्यात वादकाचं अर्धं कसब असतं. काही पाइप मोठ्या लाकडी खोलीत बंद केलेले असतात. पायाने त्या खोलीच्या झडपा उघडल्या की आवाज फुलतो आणि मिटल्या की दूर जातो. दुसरी गोष्ट: पट्टी दाबून धरली तोवर सूर टिकतो, तसूभरही न ओसरता. सतारीची तार छेडली की सूर विरायला लागतो. ऑर्गनचा सूर थांबवावा लागतो. म्हणून ऑर्गनसाठी लिहिणारा माणूस सूर कुठे सोडायचा याचा फार विचार करतो.

असा विचार करण्यात मोरिस द्युरुफ्ले या फ्रेंच संगीतकाराचं सगळं आयुष्य गेलं. त्यांच्या क्रमांक दिलेल्या रचना फक्त चौदा. पहिली विशीत लिहिलेली, शेवटची १९७७ मधली. तरी जगातल्या कुठल्याही चांगल्या चर्च-कॉयरला, म्हणजे गायकवृंदाला, विचारा, त्यांनी द्युरुफ्ले गायलेला असतो. एवढं कमी लिहून कोणी एवढं कसं टिकतं, हे समजून घ्यायचं तर आधी चर्चच्या संगीतकाराची नोकरी म्हणजे काय ते पाहावं लागेल.

द्युरुफ्ले १९०२ साली नॉर्मंडीतल्या लुव्हिए या गावी जन्मले. १९१२ मध्ये, दहाव्या वर्षी, आईवडिलांनी त्याला रुआँच्या कॅथीड्रलमधल्या गायकशाळेत ठेवलं. घर सोडून तिथेच राहायचं, शिकायचं आणि कॅथीड्रलमध्ये गायचं. आपल्याकडे गुरुगृही राहून गाणं शिकायची पद्धत होती, त्याच्याशी हे बरंच जुळतं. फरक एवढाच, की इथे गुरू एक माणूस नव्हता, रोजची उपासनाच गुरू होती. मोठमोठ्या सणांची मिरवणूक, धूप, दगडी कमानींत घुमणारा ऑर्गन, आणि रोज कानावर पडणारं एक जुनं गायन. हे गायन त्या मुलाच्या अंगात जे भिनलं ते कायमचं.

ते गायन म्हणजे ग्रेगोरियन चांट. द्युरुफ्लेंच्या कामाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

लॅटिन प्रार्थना एकाच चालीत, सगळ्यांनी मिळून म्हणायची, ही रोमन चर्चची हजार वर्षांहून जुनी रीत. साथीला कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी लावलेले तीन-चार सूर, नाही, दुसरा आवाज नाही आणि ताल नाही. कीर्तनकार सुरुवातीला श्लोक म्हणतो तेव्हा तबला गप्प असतो आणि चाल शब्दांच्या श्वासाने पुढे जाते, तसं काहीसं. या चाली आठ 'मोड'मध्ये बांधलेल्या आहेत. मोड म्हणजे नुसती स्वरांची यादी नव्हे. प्रत्येक मोडचा एक मुक्कामाचा स्वर असतो, जिथे चाल येऊन विसावते, आणि एक असा स्वर असतो ज्याच्याभोवती ती घोटाळत राहते. न्यास आणि वादी हे शब्द ज्यांच्या कानावरून गेलेत त्यांना हे चटकन कळेल. अगदी तंतोतंत तेच नाही, पण जवळचं आहे.

मधल्या काही शतकांत या चाली कापल्या गेल्या, घोटल्या गेल्या, जड झाल्या. १९ व्या शतकात फ्रान्समधल्या सोलेम इथल्या मठातल्या साधूंनी जुनी हस्तलिखितं गोळा करून, एकमेकांशी ताडून त्या पुन्हा उभ्या केल्या. त्यांनी म्हणायची एक पद्धतही दिली: सूर साधारण सारख्या लांबीचे धरायचे आणि ते दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत मोकळे वाहू द्यायचे. दोन, तीन, तीन, दोन, तीन. ठेका पकडायला जावं तर हाताला लागत नाही, तरी चालीला लय असतेच. द्युरुफ्लेंची पानं पाहिलीत तर प्रत्येक एकदोन मापांनंतर मात्रा बदललेली दिसते. नवख्या गायकाची तारांबळ उडते. पण मात्रा न मोजता शब्द म्हणून पाहिले की गाणं आपोआप जागेवर बसतं, कारण ते माप शब्दांनीच पाडलेलं आहे.

पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९१९ मध्ये, द्युरुफ्ले पॅरिसला आले. त्यांना दोन गुरू मिळाले आणि दोघांचा स्वभाव दोन टोकांचा. शार्ल तूर्नमीर हे सँत-क्लोतिल्द चर्चचे वादक. ते भाविक, भारलेले, ऑर्गनवर तिथल्या तिथे रचना उभी करणारे. दुसरे लुई व्हिएर्न. ते नोत्र दामचे वादक, जवळजवळ अंध आणि रचनेच्या बांधणीबद्दल अतिशय काटेकोर. द्युरुफ्ले दोघांचेही मदतनीस झाले. पॅरिसच्या संगीत विद्यालयात त्यांनी एकामागून एक पहिली बक्षिसं मिळवली. रचनेच्या वर्गात पॉल द्युका त्यांचे शिक्षक होते. द्युका स्वतःचं लिखाण इतक्या निष्ठुरपणे तपासायचे की त्यांनी आपलं बरंचसं लिखाण स्वतःच नष्ट केलं. शिष्यानेही ही सवय उचलली असावी.

१९३० च्या सुमारास द्युरुफ्ले पॅरिसच्या सँत-एतिएन-द्यु-माँ या चर्चचे मुख्य ऑर्गनवादक झाले आणि शेवटपर्यंत ते पद त्यांच्याकडे राहिलं. पँथेऑनच्या शेजारचं हे चर्च. आत दगडी जाळीचा सुंदर पूल आहे, पास्कालची कबर आहे, पॅरिसची रक्षणकर्ती मानलेल्या संत जनव्हिएव्हचं स्थान आहे. घर चर्चपासून चार पावलांवर.

आता नोकरीकडे वळू. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, ऑर्गनवादक काय करतो? फ्रान्सच्या मोठ्या चर्चमध्ये बहुधा दोन ऑर्गन असतात. छोटा वेदीजवळ, कॉयरच्या साथीला. मोठा दुसऱ्या टोकाला, दाराच्या वर, उंच सज्जात. मुख्य वादक त्या सज्जात एकटा बसतो, बरेचदा वेदीकडे पाठ करून. समोर एक आरसा लावलेला असतो. त्या आरशात लांबवर धर्मगुरू दिसतात, बोटभर उंचीचे. ते चालत वेदीपर्यंत पोचेतो वाजवायचं. आज मिरवणूक लांब असेल तर तीन मिनिटं, नाहीतर सव्वा मिनिट. धूप फिरवून झाला की थांबायचं, पण तुटल्यासारखं थांबायचं नाही. लोक कम्युनियन, म्हणजे वेदीवरचा पवित्र प्रसाद, घेत असतात तेव्हा इतकं हळू वाजवायचं की कोणाच्या प्रार्थनेत पाऊल पडू नये. शेवटी लोक बाहेर पडताना मात्र सगळं घर दणाणून सोडायचं. किती वेळ लागेल हे आधी माहीत नसतं, त्यामुळे छापील रचना पुष्कळदा कामाची नसते. कॉयरने नुकतीच गायलेली चांटची ओळ घ्यायची आणि तिच्यावरच तिथल्या तिथे संगीत रचायचं. बंदिशीच्या मुखड्यावर गवई विस्तार करतो तसंच.

म्हणजे पंचेचाळीसएक वर्षं, दर रविवारी आणि सणावारी, हा माणूस नवं संगीत रचतच होता. ते हवेत विरलं. लिहून ठेवलं त्याच्या चौदा रचना झाल्या. मला वाटतं 'त्यांनी फार कमी लिहिलं' हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. त्यांनी रचलं अमाप, पण छापायला दिलं फार थोडं.

या नोकरीवर घर चालणं अवघड. बहुतेक चर्च-वादक शिकवतात, मैफली करतात. द्युरुफ्लेंनी १९४३ ते १९७० पॅरिसच्या विद्यालयात हार्मनी, म्हणजे सूर एकत्र जोडण्याचं शास्त्र, शिकवली. वादक म्हणून त्यांची पत मोठी होती. फ्रेंच संगीतकार फ्रान्सिस पूलँक ऑर्गन कन्चेर्तो, म्हणजे ऑर्गन आणि वाद्यवृंद यांची रचना, लिहीत होते तेव्हा ऑर्गनची आतली माहिती त्यांना नव्हती. कुठे कुठला स्टॉप लावायचा हे द्युरुफ्लेंनी ठरवून दिलं, आणि १९३९ च्या पहिल्या जाहीर प्रयोगात एकल वादकही तेच होते. छापील प्रतीत ते स्टॉप आजही तसेच आहेत.

त्याआधीची एक घटना सांगायलाच हवी. २ जून १९३७. नोत्र दाममध्ये व्हिएर्न यांचा कार्यक्रम होता, त्यांच्या कारकिर्दीतला १,७५० वा. स्टॉप ओढायला, हाताशी राहायला द्युरुफ्ले शेजारी उभे. लिहिलेली रचना वाजवून झाली. आता दिलेल्या विषयावर आयत्या वेळची रचना व्हायची होती. व्हिएर्न यांनी स्टॉप लावले, आणि ते तिथेच कोसळले. पाय खाली पायांनी वाजवायच्या पट्ट्यांपैकी एकीवर पडला आणि तो एकच खर्जातला सूर चर्चभर वाजत राहिला. खाली बसलेल्यांना वाटलं, रचना सुरू झाली. ऑर्गनचा सूर आपणहून विरत नाही असं वर लिहिलं, ते लिहिताना माझ्या मनात हीच घटना होती.

व्हिएर्न यांना आपल्या जागी द्युरुफ्ले यावेत असं वाटत होतं. ती जागा त्यांना मिळाली नाही, दुसऱ्याला गेली. पुढे द्युरुफ्लेंनी गुरूंसाठी एक काम केलं. तूर्नमीर आणि व्हिएर्न यांच्या आयत्या वेळच्या काही रचना १९३० च्या आसपासच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित झाल्या होत्या. त्या ऐकून द्युरुफ्लेंनी सूर-न्-सूर कागदावर उतरवला. खरखरणारी जुनी तबकडी, एकाच वेळी चार-पाच सूर, त्यात पायाचे सूर बुडालेले. हे काम किती चिवट असेल याची कल्पना एखादी जुनी मैफल ऐकून नोटेशन करून पाहिलेल्यांना येईल. आज जगभर विद्यार्थी त्या रचना वाजवतात.

मित्रासाठी केलेली रचनाही अशीच. जेआँ आलँ हा तरुण, विलक्षण प्रतिभेचा ऑर्गन-संगीतकार २० जून १९४० रोजी सोम्यूरजवळ युद्धात मारला गेला. वय २९. द्युरुफ्लेंनी १९४२ मध्ये 'आलँच्या नावावर प्रेल्यूड आणि फ्यूग' लिहिलं. नावावर म्हणजे अक्षरशः नावावर. पाश्चात्त्य स्वरांना रोमन लिपीतली अक्षरं आहेत, ए पासून जी पर्यंत, आणि जर्मन रीतीने एच सुद्धा. ही आठ अक्षरं संपली की पुढची आठ त्यांच्याखाली मांडायची: आय येतो ए खाली, एल येतो डी खाली, एन येतो एफ खाली. अशा हिशेबाने आलँ या आडनावाच्या पाच अक्षरांचे सूर होतात ए, डी, ए, ए, एफ. डी ला षड्ज मानून पेटीवर वाजवून पाहा: प, सा, प, प, कोमल ग. पाच सुरांची एवढीच ओळ. प्रेल्यूडमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, ती सळसळत फिरते. प्रेल्यूड संपता संपता आलँच्या स्वतःच्या 'लितानी' या रचनेची धून ऐकू येते, दूरवरून आल्यासारखी. मग फ्यूग सुरू होतो. एका आवाजाने ओळ म्हणायची, तो पुढे जाताच दुसऱ्याने तीच उचलायची, मग तिसऱ्याने, आणि शेवटी सगळा ऑर्गन ते नाव घेतो. जेआँची धाकटी बहीण मारी-क्लेर पुढे द्युरुफ्लेंच्या हार्मनीच्या वर्गात शिकली आणि विसाव्या शतकातल्या मोठ्या ऑर्गनवादकांत गणली गेली.

आता त्यांच्या सगळ्यात प्रसिद्ध रचनेकडे येतो: 'रेक्वियम', १९४७.

रेक्वियम म्हणजे मृतांसाठीची मिस्सा. या उपासनेच्या लॅटिन ओळी ठरलेल्या आहेत आणि त्यांच्या चांटच्या चालीही. १९४१ मध्ये, जर्मनीने फ्रान्स जिंकल्यावरच्या व्हिशी सरकारच्या, संगीतकारांना काम देण्याच्या योजनेत द्युरुफ्लेंना एक काम मिळालं होतं. त्याच सुमारास ते मृतांच्या मिस्सेतल्या चालींवर ऑर्गनची एक मालिका लिहीत होते. काही भाग लिहूनही झाले. पण त्यांना जाणवलं की या चालींपासून लॅटिन शब्द वेगळे काढताच येत नाहीत. मग ऑर्गनची मालिका बाजूला राहिली आणि कॉयर, वाद्यवृंद व ऑर्गन यांची नऊ भागांची मोठी रचना तयार झाली. ती त्यांनी वडिलांच्या स्मृतीला वाहिली.

सुरुवात ऐकण्यासारखी आहे. खाली सुरांचं पाणी वाहायला लागतं, बारीक, अखंड. त्यावर पुरुषांचे आवाज जुनी चांट म्हणतात, जवळजवळ जशीच्या तशी. वरून स्त्रियांचे आवाज शब्दांविना नुसता आकार लावतात. लहानपणी कॅथीड्रलमध्ये मुलगा उभा आहे, आणि चांट गायली जात असताना तिच्या भोवतीची हवा त्याला ऐकू येतेय, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. अवघड गोष्ट इथेच आहे. एकट्या चालीला कॉर्डची साथ दिली की ती बहुधा मेजर-मायनरच्या साच्यात ओढली जाते, तिचा मोड मरतो. भजनाला चुकीची कॉर्ड लावली की राग कसा पुसला जातो, ते आपण ऐकलेलं आहे. द्युरुफ्लेंनी चालीचा मोड राखला आणि साथीला द्युका, रावेल यांच्या काळातले मऊ, धूसर रंगांचे कॉर्ड दिले. सांधा कुठे दिसत नाही.

त्यांच्याआधी गाब्रिएल फोरे यांनी रेक्वियममधलं 'दिएस इरे', म्हणजे कयामतीच्या दिवसाचं भयंकर वर्णन करणारं लांबलचक पद, गाळलं होतं. द्युरुफ्लेंनीही ते गाळलं. भीती पूर्णपणे गेलेली नाही. 'लिबेरा मे' या भागात त्या दिवसाची आठवण येते आणि कॉयर उसळतो. पण एकूण सूर सांत्वनाचा आहे. मधोमध 'पिए येसू' हा भाग: एकटी स्त्री आणि सोबत एकटा चेलो, 'त्यांना विश्रांती दे' एवढीच विनवणी. अखेरचा भाग स्वर्गात नेणाऱ्या देवदूतांचा. त्याचा शेवटचा कॉर्ड घरी परतत नाही. सम येईल असं वाटतं आणि ती येत नाही, सूर वरच तरंगत राहतो.

हे काम संपूर्ण वाद्यवृंदासाठी, फक्त ऑर्गनसाठी, आणि नंतर छोट्या वाद्यवृंदासाठी अशा तीन रूपांत त्यांनी तयार केलं. त्यामुळे साध्या चर्चचा कॉयरही ते गाऊ शकतो. प्रसाराचं एक कारण हेही आहे.

१९५३ मध्ये द्युरुफ्लेंनी मारी-मादलेन शव्हालिए यांच्याशी लग्न केलं. त्या स्वतः अव्वल दर्जाच्या वादक. चर्चचं काम दोघं मिळून करू लागले आणि १९६४ पासून अमेरिकेचे दौरेही. १९६० मध्ये ग्रेगोरियन चालींवरची चार छोटी पदं छापली गेली. त्यातलं 'उबी कारितास' जेमतेम अडीच मिनिटांचं आहे, 'जिथे प्रेम तिथे देव' अशा अर्थाचं.

आणि मग त्यांच्या पायाखालची जमीनच हलली. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, उपासनेचा नवा दस्तऐवज मंजूर केला. त्यात ग्रेगोरियन चांटला मानाचं स्थान आणि पाइप ऑर्गनला आदर द्यावा असं लिहिलं होतं. सोबत लोकभाषेला परवानगीही होती. प्रत्यक्षात फ्रान्समध्ये काही वर्षांतच लॅटिन आणि चांट दोन्ही बहुतेक चर्चमधून गेले. द्युरुफ्लेंना याचं फार दुःख झालं आणि त्यांनी ते जाहीरपणे मांडलं. १९६६ मधली त्यांची 'कुम युबिलो' मिस्सा फक्त पुरुषांच्या एकसुरी कॉयरसाठी आहे. सगळ्यांनी एकच चाल म्हणायची, चांटसारखी.

मराठी वाचक म्हणून मला इथे दोन्ही बाजू खेचतात. देवाशी आपल्या भाषेत बोलावं हे आपल्याला कोणी पटवून द्यायला नको. ज्ञानेश्वरांपासून ते आपल्या रक्तात आहे. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात १६१६ मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापलं ते ओवीत. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात मांडली. वसईच्या चर्चमध्ये आज मिस्सा मराठीत होते. लॅटिनच हवी असं मी म्हणणार नाही. पण स्टीफन्स आणि टिळक यांनी नुसते शब्द बदलले नाहीत. नव्या भाषेत पिढ्यान्पिढ्या रुळलेला छंद त्यांनी उचलला. फ्रान्समध्ये हजार वर्षं एकमेकांत विणलेले शब्द आणि सूर घाईने उसवले गेले, आणि त्यांच्या जागी तसंच मुरलेलं काही तयार नव्हतं. द्युरुफ्लेंचं दुःख मला असं समजतं.

मे १९७५ मध्ये मोटार अपघातात पतिपत्नी दोघंही गंभीर जखमी झाले. मारी-मादलेन सावरल्या आणि पुन्हा वाजवू लागल्या. द्युरुफ्ले ऑर्गनकडे परतू शकले नाहीत. उरलेली वर्षं बहुतेक घरातच गेली. १६ जून १९८६ रोजी ते वारले. त्यांची शेवटची, चौदावी रचना १९७७ ची: 'नोत्र पेर', म्हणजे 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. दीडेक मिनिटाची, अगदी साधी, कुठल्याही गावच्या कॉयरला जमेल अशी. आणि ती फ्रेंचमध्ये आहे.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर रेक्वियमपासून करू नका. आधी 'उबी कारितास'ची मूळ चांट शोधा, साधूंनी साथीविना गायलेली, आणि दोनदा ऐका. लगेच द्युरुफ्लेंचं 'उबी कारितास' लावा. चाल आधी खालच्या पट्टीतल्या स्त्री-आवाजांकडे असते, सगळ्यात वरच्या नव्हे. तिथे कान ठेवा. मग रेक्वियम, शक्य तर फक्त ऑर्गनच्या साथीचं, आणि हेडफोन लावून. खर्जाचे पाइप मोबाइलच्या स्पीकरमध्ये ऐकूच येत नाहीत.